ग्रॅनाइटचा नाइस होताना त्यातल्या अभ्रकाचं नेमकं काय होतं?

पापुद्रा
नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, भूशास्त्र. नाइस म्हणजे दाब आणि तापमानाने बदलून पट्टेदार झालेला खडक. प्रश्न जरा लांब आहे पण सगळं सांगितल्याशिवाय नीट विचारता येणार नाही.

माझ्याकडे एकाच ग्रॅनाइटचे तीन तुकडे आहेत. पहिला साधा, काही न झालेला ग्रॅनाइट, दुसरा शिअर झोनच्या (खडकाचे दोन भाग एकमेकांवरून सरकताना मधे चेंगरलेला पट्टा) कडेचा, तिसरा त्या झोनच्या अगदी मधला. पहिल्यात बायोटाइटचे म्हणजे काळ्या अभ्रकाचे पापुद्रे मोठे आहेत, कसेही पडलेत, स्लाइडमध्ये (मायक्रोस्कोपसाठी घासून पातळ केलेल्या कापात) छान तपकिरी दिसतात. दुसऱ्यात तेच पापुद्रे वाकलेत, काही ठिकाणी चक्क मोडल्यासारखे कोन पडलेत आणि कडेने हिरवे झालेत. तिसऱ्यात मोठा पापुद्रा असा जवळजवळ उरलाच नाही, बारीक बारीक अभ्रक एका रेषेत लागलंय आणि त्याच्या जोडीला चंदेरी पांढऱ्या अभ्रकाचे पट्टे आहेत जे पहिल्या तुकड्यात शोधूनही सापडत नाहीत.

पुस्तकात याबद्दल एकच ओळ आहे की दाबामुळे अभ्रक दाबाच्या काटकोनात लागतं. ठीक आहे, पण म्हणजे जुनेच पापुद्रे फिरतात का? हिरवं काय झालं? आणि मूळ ग्रॅनाइटमध्ये पांढरं अभ्रक नव्हतंच तर ते आलं कुठून? शिवाय अजून तापवत नेलं तर शेवटी अभ्रकाचं काय होतं हेही कोणी सांगितलं तर फार बरं होईल.

तीस_मायक्रॉन
पापुद्रा, तीन तुकडे शेजारी ठेवून बघतोयस हेच सगळ्यात चांगलं केलंस. मी फक्त पहिला भाग घेतो, कारण पुस्तकातली ती ओळ मला कायम खटकत आलीय. निकाल म्हणून ती बरोबर आहे पण तो निकाल लागतो कसा हे त्यात काहीच नाही आणि वाचणाऱ्याला वाटतं की पापुद्रे नुसते वळून बसतात. थोडे वळतातही, पण ग्रॅनाइट हा एकमेकात घट्ट अडकलेल्या स्फटिकांचा खडक आहे, चिखलासारखं मऊ काही मध्ये नाही, त्यामुळे फेल्डस्पारच्या, म्हणजे ग्रॅनाइटमधल्या मुख्य कडक खनिजाच्या, दोन कणांमध्ये पकडलेला पापुद्रा मोकळेपणाने फिरणार कुठे?

रचना आठव. अभ्रकाचा प्रत्येक थर म्हणजे सिलिकाच्या दोन चादरी आणि त्यांच्या मध्ये अॅल्युमिनियमची किंवा मॅग्नेशियम-लोखंडाची एक, अशी साधारण १० अँगस्ट्रॉम जाडीची थप्पी, आणि दोन थप्प्यांना धरून ठेवतं ते पोटॅशियम. ती पकड कमजोर असते. म्हणून नखाने पापुद्रा सुटतो, आणि म्हणूनच खडकावर ताण आला की अभ्रक त्याच पातळीवर घसरतं, पत्त्यांचा कॅट हातात धरून तिरका सरकवला की पत्ते सरकतात तसं. आता ताण थरांना तिरका असेल तर घसरणं सोपं, पण थरांच्या बरोबर लांबीच्या दिशेने दाबलं तर घसरायला वावच नाही, मग पापुद्रा मोडतो, कोन पडतो. तुझ्या दुसऱ्या तुकड्यात जे कोन दिसतायत ते किंक बँड. क्रॉस्ड पोलर्समध्ये (मायक्रोस्कोपचे दोन ध्रुवीकारक एकमेकांना काटकोनात ठेवून) स्टेज फिरवून बघ, एकाच पापुद्र्याचा प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या कोनाला काळा होईल.

पुढची पायरी खरी महत्त्वाची. किंकच्या कोनाजवळ जाळी खूप ताणलेली असते, तिथे ऊर्जा साठलेली असते, आणि पुरेसं तापमान आणि थोडा द्रव असला की त्याच जागी नवे, बारीक, बिनताणाचे कण उगवतात. शिवाय जुना पापुद्रा जिथे जास्त दाब आहे तिथे विरघळतो आणि जिथे कमी आहे तिथे त्याचं सामान जाऊन नवं अभ्रक वाढतं. अभ्रक थराच्या लांबीत पटकन वाढतं आणि जाडीत हळू, म्हणून जे कण खडकाच्या ताणल्या जाणाऱ्या दिशेला पडलेत ते लांब वाढत जातात आणि आडवे पडलेले दाबाखाली खर्ची पडतात. असं बराच काळ चाललं की सगळं एका रेषेत. म्हणजे तिसऱ्या तुकड्यात तुला जे दिसतंय त्यातलं बरंचसं अभ्रक फिरलेलं नाही, ते तिथेच नव्याने जन्मलंय.

तापमानाचा अंदाज हवा असेल तर शेजाऱ्यांकडे बघ. क्वार्ट्झ साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे वाहायला लागतो, फेल्डस्पार मात्र ४५० ते ५०० पर्यंत फुटतच राहतो. त्यामुळे मधल्या तापमानाला जो ग्रॅनाइट चेंगरला जातो त्यात फेल्डस्पारचे डोळे उरतात आणि क्वार्ट्झ-अभ्रक त्यांना वळसा घालून जातं.

अजून एक, तिसऱ्या स्लाइडमध्ये एखादा मोठा पापुद्रा वाचलेला असेल तर त्याचा आकार नीट बघ. माशासारखा निमुळता असेल आणि दोन्ही टोकांना बारीक अभ्रकाची शेपटी लांब गेलेली असेल. या मिका फिशचा कल बघून कुठली बाजू कुठे सरकली हे कळतं. ग्रॅनाइट चेंगरताना दोन जातीच्या पातळ्या एकत्र तयार होतात, एक चपटं होण्याची आणि एक सरकण्याची, हे फ्रान्समधल्या दक्षिण आर्मोरिकन शिअर झोनच्या ग्रॅनाइटवर बेर्ते आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये नीट मांडलं, तेव्हापासून एस आणि सी ही नावं रूढ झाली. पण त्यासाठी स्लाइड खडक ताणला गेलेल्या रेषेला समांतर आणि पट्ट्यांना काटकोनात कापलेली हवी, भलत्या दिशेने कापली असेल तर माशाच्या कलावरून काही ठरवू नकोस.

खडकवेडी
हिरव्याचं आणि पांढऱ्याचं मी सांगते, आणि दोन्हीचं उत्तर एकच आहे बरं का.

हिरवं म्हणजे क्लोराइट, जवळजवळ नक्की. मायक्रोस्कोपशिवायही खात्री करता येते. दुसऱ्या तुकड्यातला एक हिरवा पापुद्रा सुईने सोडव, भिंगाखाली धर आणि टोक हळूच वाकवून सोडून दे. अभ्रक असेल तर झटकन परत सरळ होतं. क्लोराइट वाकतं आणि वाकलेलंच राहतं. स्लाइडमध्ये बघशील तर क्रॉस्ड पोलर्सखाली एक विचित्र गडद शाई-निळा किंवा जांभळट रंग दिसेल, तो एकदा पाहिला की विसरत नाही. आणि हिरवं नेहमी पाटनाच्या म्हणजे थर सुटण्याच्या रेषांमधून आत घुसलेलं दिसेल, एक थर तपकिरी, एक हिरवा, परत तपकिरी, कारण द्रव त्याच वाटेने आत शिरतो.

आता हिशोब बघ, मला हा हिशोब फार आवडतो. बायोटाइटमध्ये वजनाने साधारण ४ टक्के पाणी असतं, क्लोराइटमध्ये ११-१२ टक्के. म्हणजे बाहेरून पाणी आत आल्याशिवाय हे होऊच शकत नाही. बायोटाइटमध्ये पोटॅशियम भरपूर असतं, क्लोराइटमध्ये जवळजवळ नसतंच. म्हणजे पोटॅशियम बाहेर पडलं. बायोटाइटमध्ये टायटॅनियम असतं, क्लोराइटला ते नको असतं. मग तेही बाहेर. कुठे गेलं हे सगळं?

टायटॅनियम फार लांब जात नाही. क्लोराइटच्या आतच बघ, बारीक काड्या एकमेकींना ६० अंशात छेदत जाळी करून बसलेल्या दिसतील, ते रुटाइल, टायटॅनियमचं ऑक्साइड. किंवा पापुद्र्याच्या कडेला आणि पाटनात स्फेनचे म्हणजे टायटॅनाइटचे बारीक दाणे दिसतील, त्याला कॅल्शियम लागतं आणि ते शेजारच्या प्लॅजिओक्लेजकडून (सोडियम-कॅल्शियमचं फेल्डस्पार) येतं. पोटॅशियम मात्र प्रवास करतं. काही वेळा बायोटाइटच्या थरांमध्येच पोटॅश फेल्डस्पारचं छोटं भिंग तयार होऊन थर फुगतात, पण बरंचसं पोटॅशियम जातं प्लॅजिओक्लेजमध्ये. तिथे फेल्डस्पारचा कॅल्शियमवाला भाग कमी तापमानाला टिकत नाही, त्यातनं एपिडोट होतं, आणि सुटलेलं अॅल्युमिनियम, सिलिका, पाणी आणि हे आलेलं पोटॅशियम मिळून बनतं बारीक पांढरं अभ्रक, सेरिसाइट. पहिल्या स्लाइडमध्येही एखाद्या प्लॅजिओक्लेजचं मधलं काळीज धुरकट दिसत असेल तर मोठं करून बघ, तेच आहे.

म्हणून म्हटलं उत्तर एकच. काळं अभ्रक हिरवं होतं आणि शेजारचं फेल्डस्पार पांढऱ्या अभ्रकाने भरतं या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. याशिवाय पोटॅश फेल्डस्पारमधून थेटही पांढरं अभ्रक बनतं, द्रव जरा आम्लधर्मी असेल तर ३ भाग फेल्डस्पारमधून १ भाग मस्कोव्हाइट म्हणजे पांढरं अभ्रक आणि ६ भाग क्वार्ट्झ तयार होतो आणि २ पोटॅशियम सुटतात. तिसऱ्या तुकड्यातले चंदेरी पट्टे बहुतेक असेच आलेत, म्हणजे ते मूळचं अभ्रक नाहीच, ते कधीकाळचं फेल्डस्पार आहे.

आणि मग खडकाचं वागणंच बदलतं. आधी सगळा भार फेल्डस्पारच्या कडक सांगाड्यावर होता, आता तो सांगाडा खाऊन अभ्रकाचे घसरडे पट्टे झाले. पुढची सगळी हालचाल त्याच पट्ट्यात होणार, तिथे अजून भेगा, अजून द्रव, अजून अभ्रक. त्यामुळेच शिअर झोन एका अरुंद पट्ट्यात आवळत जातो आणि बाजूचा ग्रॅनाइट दोन पावलांवर जसाच्या तसा उभा असतो.

पापुद्रा
तीस_मायक्रॉन, खडकवेडी ताई, दोघांचेही मनापासून आभार. सुईची टेस्ट लगेच केली, वाकून तसंच राहिलं! रुटाइलच्या काड्याही आहेत, मी आधी त्या स्लाइड घासतानाचे ओरखडे समजत होतो.

पण एका गोष्टीने गोंधळलोय. आम्हाला शिकवलंय की रूपांतरण वाढत गेलं की खडकातलं पाणी बाहेर जातं, चिकणमातीचे खडक तापत जातात तसं क्लोराइट जाऊन बायोटाइट येतं वगैरे. इथे तर उलटंच चाललंय, पाणी आत येतंय आणि बायोटाइट जाऊन क्लोराइट येतंय. मग याला रूपांतरण म्हणायचं का नुसतं झिजणं, कुजणं?

खडकवेडी
रूपांतरणच. शिकवलंय तेही बरोबर आहे, फक्त ते चिखलाच्या खडकाचं आहे आणि ग्रॅनाइटची सुरुवातच दुसऱ्या टोकाकडून होते.

चिखलाचा खडक जमिनीच्या वरच्या थरात, गार आणि ओला जन्मतो. तापवला की प्रत्येक पायरीला पाणी सोडत जातो, त्यामुळे क्रिया पुढे सरकायला लागणारा द्रव त्याच्या स्वतःकडेच असतो. ग्रॅनाइट शिलारसातून ७०० अंशांच्या आसपास गोठलेला. समजा त्यात १० टक्के बायोटाइट आहे, त्यात ४ टक्के पाणी, म्हणजे अख्ख्या खडकात ०.४ टक्के. कोरडाच म्हणायचा. असा खडक गार झाल्यावर परत ४०० अंशांना नेला तर त्याच्यासाठी ते काही नवीन नाही, तो त्याहून गरम जागेतूनच आलाय. बायोटाइटला त्या तापमानाला तुटण्याची गरजच नसते. म्हणून ग्रॅनाइटच्या अभ्रकाबद्दल विचार करताना किती तापला हा प्रश्न मी दुसरा विचारते, पहिला प्रश्न विचारते की पाणी पोचलं का आणि कुठल्या वाटेने.

झिजण्याचं वेगळं ओळखता येतं. जमिनीलगत पावसाच्या पाण्याने बायोटाइट सोनेरी-पितळी होतं, फुगतं, व्हर्मिक्युलाइट आणि पुढे चिकणमातीची खनिजं होतात, खडक ठिसूळ लागतो. क्लोराइट होणं खोलवर, साधारण २०० ते ३५० अंशांच्या गरम पाण्यात होतं आणि खडक घट्टच राहतो. काही जण त्याला हायड्रोथर्मल बदल म्हणतात, काही जण कमी प्रतीचं रूपांतरण. सीमारेषा तशीही पुसटच आहे, मी त्यावर भांडत नाही.

निळा_शिस्ट
ताईंच्या हिशोबाशी सहमत, पण दाबाला कोणी विचारतच नाहीये म्हणून लिहितोय. पाणी, तापमान यांच्या गडबडीत पांढऱ्या अभ्रकाचं रसायन बदलतं हे निसटून जातं. डोळ्यांना ते तसंच दिसतं, मायक्रोस्कोपखालीही फारसा फरक नाही, पण खडकाने सोसलेल्या दाबाची नोंद त्यात असते.

साध्या मस्कोव्हाइटच्या सूत्रात सिलिकॉनचा आकडा ३ असतो. दाब वाढला की अॅल्युमिनियमच्या जागी एक सिलिकॉन आणि एक मॅग्नेशियम किंवा लोखंड असं जोडीने बसतं, आकडा ३.१, ३.३ करत वर चढतो, अशा अभ्रकाला फेंगाइट म्हणतात. फार मोठ्या दाबातून गेलेल्या खडकात तो ३.५ च्या पुढेही मिळतो. मासोन आणि श्रेयर यांनी १९८७ मध्ये प्रयोग करून यावरून दाब मोजायची पद्धत दिली, आणि त्यांच्या प्रयोगात जी खनिजं सोबत हवीत ती म्हणजे पोटॅश फेल्डस्पार, क्वार्ट्झ आणि फ्लोगोपाइट म्हणजे बायोटाइटचाच मॅग्नेशियमवाला भाऊबंद. बदललेल्या ग्रॅनाइटमध्ये ही मंडळी बहुतेक वेळा हजरच असतात. एरवी ग्रॅनाइट दाबाच्या बाबतीत मुका खडक समजला जातो, साध्या परिस्थितीत त्यात गार्नेट नाही, काही नाही, मग हे अभ्रकच काय ते बोलतं. सोबतची खनिजं पूर्ण नसतील तर मात्र आकडा फक्त किमान दाब सांगतो, हे पक्कं लक्षात ठेव.

पश्चिम आल्प्समध्ये मोन्ते मुक्रोने नावाची जागा आहे, इटलीत, सेझिया पट्ट्यात. तिथला ग्रॅनाइट भूपट्टाबरोबर खोल गेला, इतका की प्लॅजिओक्लेज मोडून त्यात जेडाइट हे मोठ्या दाबाला बनणारं खनिज झालं, आणि परत वर आला. पण जिथे तो चेंगरला गेला नाही तिथे लांबून बघितलं तर अजून ग्रॅनाइटच वाटतो, जुन्या बायोटाइटच्या जागा ओळखू येतात आणि बायोटाइट नि प्लॅजिओक्लेज जिथे टेकतात त्या सीमेवर गार्नेटची बारीक किनार उगवलेली दिसते. दोरा-मायरामधल्या ब्रॉसास्कोच्या ग्रॅनाइटचंही तसंच, आणि त्या मुलखातनं तर शोपँनी १९८४ मध्ये कोएसाइट, म्हणजे क्वार्ट्झचं फार मोठ्या दाबाला बनणारं रूप, दाखवलं होतं, म्हणजे ९०-१०० किलोमीटर खोलीचा दाब. एवढ्या दाबातही मूळ पोत टिकतो. बाजूलाच जिथे खडक शिअर झालाय तिथे मात्र फेंगाइटचे पट्टे असलेला नाइस. म्हणून माझं म्हणणं की पाण्यापेक्षा हालचाल महत्त्वाची, दाब-तापमान तेच, फरक फक्त चेंगरण्याचा.

खडकवेडी
उदाहरणं एकदम चपखल दिलीत, पण निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही हं. चेंगरला गेला तिथे भेगा पडल्या, कणांच्या सीमा वाढल्या आणि द्रव तिथूनच गेला. मोन्ते मुक्रोनेत सुद्धा जेडाइटबरोबर झोइसाइट आहे, त्याला पाणी लागतंच, म्हणजे थोडं पाणी न चेंगरलेल्या भागातही पोचलेलं आहे. आणि बिनशिअरचे कितीतरी ग्रॅनाइट असे आहेत की एक केसाएवढी भेग जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना बोटभर पट्ट्यात सगळं बायोटाइट हिरवं आणि फेल्डस्पार लालसर झालेलं असतं, हालचाल शून्य. पाण्याशिवाय नुसती हालचाल अभ्रक वाकवेल, बारीक करेल, पण त्याचं क्लोराइट करू शकणार नाही.

निळा_शिस्ट
क्लोराइटच्या बाबतीत मान्य. पण फेंगाइटचे सलग पट्टे हालचालीशिवाय मी तरी पाहिले नाहीत, नुसतं पाणी दिलं तर अभ्रक फेल्डस्पारच्या आतच बारीक चुऱ्यासारखं बसून राहतं.

कोळसा_नको_दगड_हवा
शेवटचा प्रश्न राहिलाय, अजून तापवलं तर काय. ते मी घेतो.

पांढरं अभ्रक आधी जातं. क्वार्ट्झच्या सोबतीत मस्कोव्हाइट साधारण ६०० ते ७०० अंशांच्या दरम्यान मोडतं, कुठे ते दाबावर अवलंबून. त्यातनं पोटॅश फेल्डस्पार, सिलिमनाइट किंवा त्याचा भाऊ अँडाल्युसाइट, आणि पाणी. दाब कमी असेल तर पाणी निघून जातं, जास्त असेल तर त्या पाण्याचाच उपयोग होऊन खडक वितळायला लागतो. म्हणजे अभ्रकाच्या पोटातलं ते चार-साडेचार टक्के पाणी खडकाला परत शिलारस करायला कारणीभूत होतं. मिग्मटाइटमधल्या म्हणजे अर्धवट वितळलेल्या खडकातल्या पांढऱ्या शिरा आणि त्यांच्या कडेला उरलेली काळ्या अभ्रकाची दाट किनार पाहिली असशील, ते हेच.

काळं अभ्रक जास्त चिवट. ते ८०० च्या आसपास, कधी त्याही पुढे टिकतं आणि मग मोडून ऑर्थोपायरॉक्सीन (पाणी नसलेलं खनिज), कधी गार्नेट, आणि वितळलेला भाग देतं. जाण्याआधी त्यात टायटॅनियम वाढत जातं, म्हणून ग्रॅन्युलाइट प्रतीच्या म्हणजे फार तापलेल्या खडकातलं उरलंसुरलं बायोटाइट लालसर-तपकिरी दिसतं. पाण्याच्या जागी फ्लोरिन बसलं असेल तर अजूनच जास्त तापमानाला तग धरतं.

वितळण्याऐवजी दुसराही रस्ता आहे. कर्नाटकातल्या कब्बलदुर्गला नाइसच्या राखाडी दगडात हिरवट-तेलकट चार्नोकाइटचे, म्हणजे ऑर्थोपायरॉक्सीनवाल्या ग्रॅनाइटसारख्या खडकाचे, डाग आहेत, नाइसचे पट्टे त्या डागात शिरल्यावर पुसट होतात आणि आत बायोटाइट-हॉर्नब्लेंड कमी होऊन ऑर्थोपायरॉक्सीन आलेलं असतं. पिचमुथूंनी १९६० मध्ये हे बनत असलेलं चार्नोकाइट आहे असं म्हटलं. पुढे अनेकांनी कार्बन डायऑक्साइडवाल्या द्रवाने पाण्याचं प्रमाण पातळ केलं आणि म्हणून अभ्रक मोडलं असं मांडलं, त्यावर वादही भरपूर झालाय. पण वरच्या चर्चेत बसणारी गोष्ट ही की तिथे तेच तापमान असलेल्या हातभर अंतरावरच्या दोन दगडांपैकी एकात अभ्रक आहे, दुसऱ्यात जवळजवळ नाही. परत प्रश्न द्रवाचाच.

पापुद्रा
सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आता कामाचं विचारतो. तिसऱ्या स्लाइडमध्ये जे बारीक काळं अभ्रक आहे ते नवं उगवलेलं बायोटाइट का जुन्याचे तुकडे, हे कसं ठरवू? आणि सरांचा विचार आहे की यातलं अभ्रक वेगळं काढून वय काढायला पाठवायचं.

तीस_मायक्रॉन
आधी रंग. ग्रॅनाइटच्या मूळ बायोटाइटमध्ये टायटॅनियम ऑक्साइड बऱ्याचदा २ ते ४ टक्के असतं म्हणून तपकिरी. ४०० अंशांच्या आसपास नव्याने उगवलेल्यात कमी मावतं, ते हिरवट-ऑलिव्ह दिसतं आणि सोबत टायटॅनाइटचे दाणे सुटलेले असतात. हिरवं दिसलं म्हणजे क्लोराइटच असं धरू नकोस, क्रॉस्ड पोलर्समध्ये चमकदार रंग आले तर ते हिरवं बायोटाइट आहे.

मग काळी वर्तुळं बघ. मूळ बायोटाइटमध्ये झिरकॉनचे सूक्ष्म दाणे असतात, त्यातल्या युरेनियम-थोरियमच्या किरणोत्साराने भोवती गडद कडी पडते, त्रिज्या जेमतेम ३०-४० मायक्रॉन. जुन्या पापुद्र्याच्या तुकड्यात ही कडी अर्धवट तुटलेली सापडेल. नव्याने उगवलेल्या कणांत झिरकॉन बहुतेक वेळा कणांच्या सीमेवर ढकललेला असतो.

आणि मायक्रोप्रोब (बारीक बिंदूचं रसायन मोजणारं यंत्र) मिळालं तर माशाच्या मधोमध एक आणि शेपटीत एक असे बिंदू घे. दोन्हीचं रसायन सारखं आलं तर शेपटी म्हणजे नुसता चुरा, वेगळं आलं तर ते नवं अभ्रक. त्यात पांढऱ्या अभ्रकाचेही घे, निळा_शिस्ट म्हणतायत तो सिलिकॉनचा आकडा फुकटात मिळेल. फक्त टायटॅनियमवरून बायोटाइटचं तापमान काढायचं ते प्रसिद्ध समीकरण ग्रॅनाइटला लावू नकोस, ते अॅल्युमिनियम भरपूर असलेल्या, ग्रॅफाइटवाल्या चिखलाच्या खडकांसाठी बसवलेलं आहे.

निळा_शिस्ट
वयाचं मी सांगतो, कारण इथे घाई केली की पैसे आणि नमुना दोन्ही वाया जातात.

अभ्रकातल्या पोटॅशियम-४० चं अर्धआयुष्य १२५ कोटी वर्षं, त्यातला साधारण दहावा हिस्सा आर्गॉन होतो आणि तो थरांमध्ये अडकून राहतो. पण खडक गरम असेपर्यंत आर्गॉन निसटत राहतो. मस्कोव्हाइट साधारण ४०० अंशांखाली आणि बायोटाइट ३०० च्या आसपास आल्यावर दार बंद होतं, नेमका आकडा थंड होण्याच्या वेगावर आणि कणाच्या आकारावर ठरतो, डॉडसनने १९७३ मध्ये त्याचं गणित दिलंय. म्हणजे पहिल्या तुकड्यातल्या बायोटाइटचं वय हे ग्रॅनाइट गोठल्याचं नाही, तो ३०० च्या खाली आल्याचं आहे, आणि मधे शिअर झोन तापला असेल तर तेही अर्धवट पुसलेलं असणार.

तिसऱ्या तुकड्यातलं चंदेरी अभ्रक मात्र मोलाचं आहे. ते ३००-३५० अंशांना उगवलं असेल तर दार आधीच बंद असताना जन्मलंय, त्यामुळे त्याचं वय म्हणजे थेट शिअर झाल्याचं वय. पाठवायचं असेल तर तेच पाठवा.

दुसऱ्या तुकड्यातलं हिरवटलेलं बायोटाइट वयासाठी घेऊ नका. पोटॅशियम निघून गेलंय, आर्गॉन थोडा गेलाय थोडा राहिलाय, जे येईल त्या आकड्याला अर्थ नसेल. पहिल्यातलं घेणार असाल तरी चाळून झाल्यावर भिंगाखाली एकेक पापुद्रा उलटून बघा, कडेला हिरवी छटा असेल तर बाजूला काढा, आणि पोटॅशियमचं प्रमाण आधी मोजून घ्या. शुद्ध बायोटाइटमध्ये ते साडेसात-आठ टक्के यायला हवं. पाच-सहा आलं तर थरांच्या मध्ये क्लोराइट आहे, डोळ्यांना दिसत नसलं तरी.

पापुद्रा
पहिल्या तुकड्यातले पापुद्रे आत्ताच भिंगाखाली घेतले. वरून काळेभोर दिसतात पण सुईने थर सुटे केले की आत बऱ्याच जणांत हिरवी रेघ आहे. सरांना दाखवतो आणि चंदेरीच पाठवायचं सुचवतो. मायक्रोप्रोबचे आकडे आले की याच धाग्यावर टाकेन.